समजून म्हणजे किती?

परवा आमच्या विभागातल्या एका मॅडमनी मला विचारलं, "घरी माळी लावायचाय रे. आठवड्यातून दोनदा आला तरी चालेल. काय द्यावं लागेल त्याला?" मी खेड्यातला, म्हणून मला माहीत असेल असं त्यांना वाटलं असावं. प्रश्न साधा होता. पण मी गप्प राहिलो, आणि इतका वेळ गप्प राहिलो की मॅडमच्या चेहऱ्यावर जरा वेगळा भाव आला. हा कुणाला तरी घेऊन येणार आणि मधे स्वतःचा वाटा ठेवणार, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं असेल. "बघतो मॅडम," एवढंच म्हणून मी निघालो.

गप्प का झालो ते सांगायचं तर परभणीच्या माझ्या घरमालकांपासून सुरुवात करावी लागली असती. मी त्यांना काका म्हणायचो. तीन वर्षं मी त्यांच्या बाहेरच्या खोलीत राहिलो. त्यांच्यासारखा संशयी माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि त्यांच्याइतकं बरोबरीनं मला दुसऱ्या कुणी वागवलेलंही नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल कशा खऱ्या असतील, ते मला नीट लिहिता येईल की नाही माहीत नाही.

काका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. सगळी नोकरी त्यांनी व्यापाऱ्यांचे काटे तपासण्यात घालवली. सेलूला असताना कापसाच्या हंगामात ते वेष बदलून, डोक्याला उपरणं गुंडाळून बाजारात फिरायचे, असं काकू सांगायच्या. कोण काट्याखाली लोहचुंबक लावतो, कोण कापूस भिजवून आणतो, कोण दांडीला करंगळी लावतो, हे त्यांना लांबून कळायचं. निवृत्त झाल्यावर तपासायला काटे उरले नाहीत. मग ते घर तपासायला लागले.

भाजी आणली की ती आधी ओट्यावरच्या तराजूत जायची. पितळी वजनं एका लाकडी पेटीत, मखमलीच्या खाचांत बसवलेली. वीस ग्रॅम भेंडी कमी भरली तर काका सायकल काढून परत बाजारात जायचे. आम्हाला हसू यायचं. पण एकदा भेंडी तीस ग्रॅम जास्त भरली, तेव्हाही ते सायकल काढून गेले. चार भेंड्या हातात घेऊन. भाजीवाली बाई म्हणाली म्हणे, "राहू द्या की साहेब." काका म्हणाले, "मग काल कमी का दिलीस?"

"तुमच्यावर संशय आहे असं नाही," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मग थोडं थांबून ते स्वतःच दुरुस्त करायचे, "म्हणजे आहे. पण सगळ्यांवरच आहे."

त्यांच्याकडे येण्याआधी मी परभणीत सहा ठिकाणी खोली बघितली होती. सहाही ठिकाणी पहिला प्रश्न आडनावाचा होता. आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. एका घरावरची 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी महिनाभरानंतरही तिथंच होती. आई-बाबा वर्षातले सहा महिने ऊसतोडीला, तेव्हा घरी देवगाव फाट्याजवळच्या आमच्या गावात फक्त आजोबा. रोज येणं-जाणं करून कॉलेज होण्यासारखं नव्हतं. सातव्या घरी खोली मिळाली नाही तर परत जायचं, आणि पुढच्या वर्षी बाबांबरोबर कोयता धरायचा, असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

सातवं घर काकांचं. वसमत रोडच्या मागच्या एका कॉलनीत. मी पाठीवर बॅग, काखेत वळकटी आणि हातात निळी बादली घेऊन फाटकात उभा होतो. काकांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "बादली किती लिटरची?"

"पंधरा."

"कोण म्हणतं?"

"दुकानदार."

त्यांनी बादली घेतली, नळाखाली ठेवली आणि आतून एक लिटरचं माप आणलं. माप भरायचं, ओतायचं, आकडा म्हणायचा. मी बघत उभा. "तेरा," ते म्हणाले. "काठोकाठ भरून तेरा. दोन लिटरला फसवलं तुला." आणि मग भाडं सांगितलं.

आधारकार्डाची झेरॉक्स त्यांनी घेतली. भिंग लावून आधी फोटो माझाच आहे का ते बघितलं, मग नाव वाचलं. नाव वाचताना मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. चेहरा आधी होता तसाच राहिला, संशयी. कागदाची घडी करून त्यांनी खिशात टाकली.

बाबासाहेबांचा फोटो मी चार दिवस बॅगेतच ठेवला होता. पाचव्या दिवशी हिंमत करून खिळा ठोकायला घेतला. आवाज ऐकून काका आले. माझ्या एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात फोटो. काकांनी फोटोकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "खिळा किती इंची?"

"दीड."

"भिंत चार इंचाची आहे. गिलावा उडेल. एकाचा लाव." आणि आतून एक इंचाचा खिळा आणून दिला.

त्या दिवशी मी आईला फोन करून सांगितलं, खोली चांगली मिळाली.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की पुढं मी जे केलं ते या खोलीसाठी केलं. ती गेली असती तर आठवं घर शोधायची ताकद माझ्यात नव्हती.

काकूंना बागेची हौस. घरापुढं थोडी आणि मागं थोडी जागा होती. लिंबू, कढीपत्ता, जास्वंद, दोन गुलाब, आणि मागच्या अंगाला स्वयंपाकघराच्या दाराशी मोगऱ्याचे पाच वेल. काकूंचे गुडघे दुखायला लागले तेव्हा माळी लावायचं ठरलं. काका आठ दिवस कॉलनीत विचारत फिरले, तुम्ही माळ्याला काय देता? एक जण महिन्याला हजार देत होते, एक जण खेपेला दोनशे, कोपऱ्यावरचे गुरुजी तीनशे आणि वर चहा-नाष्टा. काका घरी येऊन म्हणाले, "एकाच कॉलनीत, एकाच कामाला तीन भाव. म्हणजे कुणीतरी लुटतंय आणि कुणीतरी लुटला जातोय. कोण ते शोधलं पाहिजे."

मग मुंजाजी मामा आले. झरी रोडला त्यांची वस्ती. पन्नाशी ओलांडलेले, किडकिडीत, पूर्वी एका रोपवाटिकेत रोजंदारीवर होते. सायकलच्या कॅरिअरला कायम एक पोतं लावलेलं. काकांनी त्यांना ओट्यासमोर उभं करून विचारलं, "काय घेणार?"

मामा जमिनीकडे बघत म्हणाले, "द्या की साहेब समजून."

मी खिडकीतून ऐकत होतो. काकांचा चेहरा आक्रसल्यासारखा झाला. "समजून म्हणजे किती?"

"आता तुमी समजदार मानसं. काम बगा आन् समजून द्या."

"अरे पण किती? आकडा सांग."

"आमी काय आकडा सांगावा साहेब."

ते गेल्यावर काका कितीतरी वेळ येरझाऱ्या घालत होते. "समजून द्या," ते काकूंना म्हणाले. "सगळी नोकरी झाली, एवढा लबाड भाव मी ऐकला नाही. यात देणारा कधीच बरोबर नसतो. कमी दिले तर आपण हलकट, जास्त दिले तर मूर्ख."

पहिला महिना त्यांनी पगार ठरवून बघितला. पण महिन्याचे पैसे बांधले की माणूस दहा मिनिटांत पाणी शिंपडून जातो, असा संशय आला. मग तासावर ठेवलं. मामा आले की काका घड्याळ लावायचे. तेव्हा असं वाटायला लागलं, की तासाचे पैसे म्हटल्यावर हा मुद्दाम हळू खुरपतोय. "पाच मिनिटं झाली, त्याच एका ढेकळाशी खेळायलाय," ते मला खिडकीपाशी येऊन सांगायचे. मामा ढेकूळ हातात घेऊन चुरगाळून बघत असायचे. आमच्याकडची काळी माती, ती वाळली की दगड होते.

शेवटी काकांनी त्यांच्या मते अचूक असा उपाय काढला. उपटलेलं तण तोलायचं आणि किलोमागे वीस रुपये द्यायचे. पाणी घालणं, छाटणी, माती हलवणं, सगळं त्यातच धरलं. "गवत खोटं बोलत नाही," ते म्हणाले.

बुधवारी आणि रविवारी मामा काम संपलं की पोतं भरून ओट्यावर आणायचे. काका आधी तण झटकून मुळांची माती पाडायचे. मग मूठभर तण पिळून बघायचे, भिजवून तर आणलं नाही ना. मग तराजू. मामा बाजूला उकिडवे बसून विडी न पेटवता नुसती बोटांत फिरवायचे. एकदा ते मला हळूच म्हणाले, "मास्तर, उद्या माजी हजामत केली तर केसबी तोलतील का रं?" माझ्या हातात कायम पुस्तक दिसायचं म्हणून ते मला मास्तर म्हणायचे. खिडकीतून त्यांनी भिंतीवरचा फोटो बघितला होता. त्यांचं आपलं रामराम, पण दुसऱ्या खेपेपासून मला ते "जयभीम मास्तर" म्हणूनच हाक मारायचे.

पावसाळ्यात तण भरपूर, मामांना बऱ्यापैकी मिळायचं. पाऊस संपला. काकांच्या अंदाजानं आता वजन उतरायला हवं होतं. उतरलं नाही. दिवाळी झाली तरी सहा किलो, साडेसहा किलो. काका अस्वस्थ झाले. एके दिवशी माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"पाऊस जाऊन दोन महिने झाले. गवत कमी व्हायला पाहिजे का नको?"

"व्हायला पाहिजे."

"मग येतंय कुठून?"

त्यांनी माझ्या खिडकीकडे बोट दाखवलं.

"तू खिडकीत बसतोसच. फाटकाकडं लक्ष ठेव. जबरदस्ती नाही."

मी हो म्हणालो. नाही म्हणता आलं असतं, पण मी मनात फार पुढचा विचार केला. नाही म्हटलं तर काकांना वाटेल, हे दोघं एक आहेत. एकदा तसं वाटलं, की माझी बादली, माझा खिळा, माझं नाव, सगळं ते परत तपासतील. आणि या वेळी कदाचित वेगळं काहीतरी दिसेल. त्यांनी मला कधी धमकी दिली नाही, खोलीचं नावही काढलं नाही. भीती सगळी माझीच होती.

माझ्या खिडकीतून फाटक दिसायचं, नळ दिसायचा आणि ओटा. घराच्या मागची बाजू दिसायची नाही. मी बघायला लागलो. पहिल्याच बुधवारी दिसलं ते असं, की मामा सायकलवरून आले तेव्हा कॅरिअरवरचं पोतं भरलेलं होतं. ते पोतं उचलून ते मागं गेले. दोन तासांनी मागून आले तेव्हाही पोतं भरलेलं, आणि त्यात तण. रविवारी पुन्हा तसंच. पुढच्या बुधवारीही.

पोतं भरून येतं आणि भरूनच तोललं जातं. यातून कुणीही काढेल तो अर्थ मी काढला. रस्त्याकडेचं गवत हा माणूस बाहेरून आणतोय. मागं जाऊन बघायला मला वीस पावलंसुद्धा चालावं लागलं नसतं. मी गेलो नाही. आपल्याला एक खरी गोष्ट कळली आहे आणि ती सांगितली की काकांचा आपल्यावर विश्वास बसेल, या विचारानं मला आतून बरं वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसं वाटत होतं.

मी काकांना सांगितलं. ते फक्त "हूं" म्हणाले.

रविवारी मामा फाटकातून आत आले तेव्हा काका तराजू घेऊन ओट्यावर तयार होते. "पोतं इकडं आण."

"आता? आजून काम कुटं केलं साहेब?"

"भरलेलं दिसतंय. आण, तोलू."

मामांनी एकदा काकांकडे बघितलं, मग माझ्या खिडकीकडे. मी मान खाली घालायला हवी होती, पण नजर तिथंच अडकली. त्यांनी पोतं ओट्यावर ठेवलं आणि तोंडाची सुतळी सोडली. काकांनी ते उलटं केलं.

आतून शेणखत पडलं. जुनं, चांगलं कुजलेलं, काळंभोर, चहाच्या पत्तीसारखं मोकळं. त्याला वासही येत नव्हता. काकांनी मूठभर उचललं, चुरगाळलं, नाकाशी नेलं.

"हे कुठलं?"

"घरचं. म्हशीचं."

"हे कशाला?"

"माती मेलेली हाय साहेब. मोगरा धरंना. पैल्या महिन्यात तुमाला म्हनलं होतं खत आना म्हनून. तुमी म्हनलात, वलं तोलायचं का वाळलं, ते आदी ठरू द्या."

ते खरं होतं. खताच्या ओलाव्याचा प्रश्न काकांनी महिनाभर मनात घोळवला होता आणि मग विसरून गेले होते.

"कधीपासून आणतोस?"

"दसऱ्यापासनं."

"किती झालं असेल?"

"मोजलं न्हाई."

मग काकांनी जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. त्यांनी ते खत परत पोत्यात भरलं आणि पोतं तराजूला लावलं. आज मला वाटतं, त्यांना माफी मागायची होती आणि त्यांच्याजवळ एवढी एकच रीत होती. "चौदा किलो दोनशे," ते म्हणाले. "भाव सांग. दसऱ्यापासूनचे सगळे देतो."

मामा म्हणाले, "त्यो तोलायचा माल न्हवता साहेब."

त्यांनी पोतं रिकामं केलं, झटकलं, घडी करून कॅरिअरला लावलं. काकांचं खुरपं त्यांच्या कमरेला होतं, ते नळाखाली धुतलं, ओट्यावर ठेवलं आणि सायकल ढकलत फाटकाबाहेर गेले. फाटक नीट लावून गेले.

काकू दारात उभ्या होत्या. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मागच्या दारातून प्रत्येक खेपेला बघायचे मी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर मलाच पारड्यात बसवलं असतं. आता पाणी कोण घालणार ते सांगा."

मी आईला फोन केला, सगळं नाही सांगितलं, एवढंच विचारलं की पाऊस गेल्यावरही तण का वाढत असेल. आई आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात खुरपायला गेलेली. ती म्हणाली, "शेनखत टाकलं आसंल. खतातून बी येतंय की तनाचं. एवडं कळंना का तुला? काय शिकायलास तितं?"

म्हणजे गवत खोटं बोलत नव्हतं, हे काकांचं बरोबरच होतं.

पुढच्या रविवारी मी झरी रोडला गेलो. मामा गोठा झाडत होते. मला बघून म्हणाले, "या मास्तर. जयभीम. बसा, पर कुटं बसताव, बाजंवर बसा."

मी बसलो नाही. "मामा, पोत्याचं काकांना मी सांगितलं."

"ठाव हाय मला."

"कसं?"

"आरं, खिडकीत दुसरं कोन बसतंय?" त्यांनी खराटा भिंतीला टेकवला. "साहेबानी मलाबी सांगितलं होतं, तुज्यावर ध्यान ठिवायला. कोन येतंय, कोन जातंय."

परीक्षेच्या आधी माझे दोन मित्र चार दिवस खोलीत राहिले होते. काकांची सक्त मनाई होती. मामा त्या दिवसांत दोनदा आले होते.

"मग तुम्ही काय सांगायचात?"

"पोरगं वाचायलंय म्हनायचो."

"माझे मित्र आले होते तेव्हा?"

"दारात चपला होत्या बाबा लय. आता ते किती जोड होते, ते मी काय मोजाया गेलो न्हाई."

मामांनी आत हाक मारून पाणी मागवलं आणि तांब्या माझ्या हातात दिला. मी पाणी प्यायलो. मग म्हणालो, "मामा, परत या. काकू रोज विचारतात. झाडं सुकायलीत."

"यीन की. झाडानी काय केलंय माजं?" ते जरा थांबले. "पर किलोनं न्हाई आन् तासानंबी न्हाई. साहेबाला सांग, समजून द्या म्हनावं."

हा निरोप काकांना द्यायला मला दोन दिवस लागले. त्यांना राग आला तर तो आधी माझ्यावर काढतील असं वाटत होतं. पण त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "समजून म्हणजे किती?" या वेळी त्यात वाद नव्हता. ते खरंच विचारत होते.

तो आठवडा मी विसरणार नाही. काकांनी चार जुन्या मित्रांना फोन केले, चौघांनी चार आकडे सांगितले, आणि चौघंही खोटं बोलतायत असं त्यांचं मत पडलं. कोपऱ्यावरच्या गुरुजींच्या माळ्याला त्यांनी रस्त्यात थांबवलं, तो म्हणाला गुरुजी तीनशे नाही, दीडशेच देतात. याचं काकांना कसलंच समाधान झालं नाही. एकदा माझ्या दारात येऊन म्हणाले, "तू काय दिलं असतंस?"

मी खूप विचार केला. माझ्या बाबांच्या कामाचा भाव टनावर ठरतो. उसाची मोळी किती नीट बांधली, पाचट किती स्वच्छ काढलं, ते कुणी बघत नाही. "मला सांगता येत नाही काका," मी म्हणालो.

"मलाही," ते म्हणाले आणि तिथंच उभे राहिले.

बुधवारी मामा येणार होते. घरात साधं पाकीट नव्हतं. काकूंनी लग्नाच्या आहेराचं लाल पाकीट काढून दिलं, वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं. काकांनी आत नोटा घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. मग नाण्यावर बोट ठेवून काकूंना म्हणाले, "हा रुपया यात धरायचा का वेगळा?"

"अहो, द्या आता."

मामा आले. पोतं भरलेलं होतं. काम झाल्यावर हात धुऊन ओट्याशी उभे राहिले. काकांनी पाकीट पुढं केलं. मामांनी ते कपाळाला लावलं, बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, "मोगऱ्याला आता आट दिवस पानी जरा कमीच घाला." सायकल काढली आणि गेले.

काका थोड्या वेळानं माझ्या खिडकीपाशी आले. "त्यानं मोजले नाहीत."

"हो."

"फाटकाबाहेर गेल्यावर मोजले असतील."

"नाही काका. वळणापर्यंत दिसत होते. नाही मोजले."

हे बोलल्यावर माझ्या ध्यानात आलं, मी अजूनही लक्ष ठेवतच होतो.

पाकिटात किती होते ते मला कधी कळलं नाही. काकूंनाही त्यांनी सांगितलं नाही. उन्हाळ्यात मोगरा इतका आला की काकू शेजारपाजारी वाटायच्या. वाटताना काका मूठ हातावर झेलून वजनाचा अंदाज घ्यायचे, पण तोलायचे नाहीत. महिन्याच्या शेवटी लाल पाकीट जात राहिलं. त्यानंतरही काका दूध मापून घेत होते, माझ्या खोलीतला विजेचा मीटर दर सोमवारी वाचत होते. माणूस काही बदलला नव्हता.

कॉलेजची तीन वर्षं संपल्यावर पुढं शिकायला मी संभाजीनगरला निघालो. शेवटच्या पंधरा दिवसांचं भाडं आणि विजेच्या युनिटचे पैसे द्यायचे राहिले होते. मी वही काढून काकांना विचारलं, "किती झाले काका?"

ते ओट्यावर बसले होते. पेपर खाली न करता म्हणाले, "दे समजून."

मी उभाच राहिलो. ही परीक्षा आहे का? कमी दिले तर तीन वर्षांत मला काय समजलं ते कळेल, जास्त दिले तर मी उपकार दाखवतोय असं होईल. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं. मी खोलीत गेलो, मीटर बघितला, अर्ध्या महिन्याचा आकडा काढला. मग तो आकडा पुसून माझ्या मनाला येतील तेवढ्या नोटा घेतल्या आणि त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी न बघता सदऱ्याच्या खिशात टाकल्या. मी काकूंच्या पाया पडलो, सामान उचललं.

फाटकातून मागं वळून बघितलं ते नुसत्या सवयीनं. माझ्या रिकाम्या खोलीच्या खिडकीत काका पाठमोरे उभे होते. अंगठा जिभेला लावून नोटा मोजत होते. एकदा मोजल्या. पुन्हा मोजल्या. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

मग ते बाहेर आले, थेट फाटकापर्यंत. हातात एक पन्नासची नोट होती. "पन्नास जास्त आहेत," ते म्हणाले आणि नोट माझ्यापुढं धरली, चार भेंड्या परत करायला निघाले होते तशी.

"समजून दिलेत काका."

त्यांनी नोटेकडे बघितलं. मग माझ्याकडे, पहिल्या दिवशी बघितलं होतं तसं, वरपासून खालपर्यंत. नोटेची चार घड्या करून लहान चौकोन केला आणि खिशात ठेवला.

"ठेवतो," ते म्हणाले. आणि माझ्या हातातल्या बादलीकडे बोट दाखवून, "ती तेरा लिटरची आहे. तिथं कुणाला पंधरा सांगू नकोस."